गुळगुळीत झालेलं तांब्याचं नाणं ओळखायला काय घ्यावं: काटा, भिंग की मायक्रोस्कोप?

नाणी तपासायला म्हणून आज चार वस्तू सर्रास विकल्या जातात: खिशात मावणारा डिजिटल काटा, सोनारी भिंग, व्यास मोजायचा प्लास्टिकचा डिजिटल व्हर्नियर आणि मोबाइलला जोडायचा यूएसबी मायक्रोस्कोप. चारही मिळून साधारण अडीच-तीन हजारांत येतात. हे परीक्षण एकाच प्रश्नापुरतं आहे. ज्यावरची अक्षरं जवळजवळ गेली आहेत असं तांब्याचं नाणं ओळखायला आणि ते खरं की बनावट हे ठरवायला यांतलं काय कामी येतं?

उत्तर आधीच सांगतो. काटा सगळ्यात जास्त उपयोगी, त्याखालोखाल भिंग आणि एक साधी बॅटरी. मायक्रोस्कोप शेवटी. जाहिराती नेमकं उलट सांगतात आणि नवखा माणूस पहिल्यांदा मायक्रोस्कोपच मागवतो. पण झिजलेल्या नाण्यावर वाचायला फारसं उरलेलंच नसतं. ते पन्नासपट मोठं केलं तरी गेलेलं अक्षर परत येत नाही. वजन आणि व्यास मात्र बऱ्याच अंशी टिकून असतात.

काटा

डब्यावर २०० ग्रॅम × ०.०१ ग्रॅम लिहिलेला काटा घ्यावा. ५०० ग्रॅम × ०.१ ग्रॅमचा काटा दिसायला तसाच आणि भावालाही तोच, पण या कामाचा नाही. दोन ग्रॅमच्या नाण्यात ०.१ ग्रॅम म्हणजे पाच टक्के चूक झाली.

नवा काटा बरोबर आहे का हे पाहायला प्रमाणित वजन नसलं तरी चालतं. २०११ पासूनच्या मालिकेतली ५ रुपयांची पिवळी नाणी २३ मिमी व्यासाची आणि ६ ग्रॅमची आहेत. त्यांतली कमी वापरलेली दहा नाणी एकदम ठेवली की ६० ग्रॅमच्या आसपास आकडा आला पाहिजे. ५९.७ ते ६०.३ मध्ये आला तर काटा कामाचा. २०१९ च्या मालिकेतलं ५ रुपयांचं नाणं २५ मिमीचं आणि ६.७४ ग्रॅमचं आहे, ते चुकून यात मिसळू नका. त्याहून पक्की खात्री हवी असेल तर सराफ्यात जा. सराफाच्या काट्याला वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. एखादं नाणं तिथे तोलून घ्या आणि घरी येऊन तेच आपल्या काट्यावर ठेवा.

या काट्यांची खोड एकच, पण त्रासदायक आहे: हवा. उन्हाळ्यात कूलर समोर चालू असेल तर दुसरा दशांश कधीच स्थिर राहत नाही. पंखा आणि कूलर बंद करून, सपाट फरशीवर, झाकण लावूनच तोलावं. सुरू केल्यावर दोन मिनिटं थांबावं. सेल उतरले की आकडा हळूहळू सरकतो. ‘कॅल’चं, म्हणजे काटा प्रमाणित वजनाशी जुळवून घ्यायचं बटण हातात तसं वजन असल्याशिवाय दाबू नये. बरेच काटे पहिल्याच दिवशी यानेच बिघडतात.

वजन काय सांगतं

मराठवाड्याच्या मातीत एकावर एक किती राजवटींचं तांबं पडलेलं आहे हे पाहिलं की काट्याचं मोल कळतं. पैठण, तेर आणि भोकरदन ही सातवाहनकाळची गावं. त्यानंतर दौलताबादेत तुघलक, मग बहमनी, निजामशाही, मुघल, मराठे आणि १९४८ पर्यंत निजामाचा हाली सिक्का, शिवाय शेजारच्या इलाख्यातून आलेले इंग्रजी पैसे. नाणं कुठल्या खणात टाकायचं हे पहिल्यांदा वजनच सांगतं.

त्याआधी एक गोष्ट नजरेनं पाहून घ्यावी: नाणं यंत्रावर पाडलेलं आहे की हातोड्याने ठोकलेलं. यंत्राचं नाणं नेमकं गोल, सगळीकडे सारख्या जाडीचं, आणि झिजलं तरी काठाच्या उंच कडेचा माग कुठेतरी राहतो. ठोकलेलं नाणं ओबडधोबड, जाड, काठाला भेगा असलेलं.

यंत्राच्या नाण्यांत काटा फार सुरेख काम करतो. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा आणि व्हिक्टोरियाचा १८६२ पासूनचा पाव आणा, दोघांचं मूळ वजन ६.४८ ग्रॅम. व्हिक्टोरियाच्या नाण्याचा व्यास २५.४ मिमी. १९०६ पासून धातू तांब्याऐवजी कांस्य झाला आणि वजन ४.८६ ग्रॅमवर आलं, व्यास मात्र तोच राहिला. म्हणजे हातात साडेपंचवीस मिमीची अगदी कोरी चकती असेल, राजा-राणी काहीच दिसत नसेल, आणि काटा ५.९ ग्रॅम दाखवत असेल, तर ती १९०६ च्या आधीच्या तांब्याची आहे. ४.५ दाखवत असेल तर नंतरची. नुसत्या वापराने चतुर्थांश वजन जात नाही, म्हणून हा निकाल भक्कम आहे. लहान भावंडांनाही हेच लागू: अर्धा पैसा ३.२४ ग्रॅमवरून २.४३ वर आला आणि एक बारांश आणा, म्हणजे पै, २.१६ वरून १.६२ वर. कंपनीचा १८३५ चा अर्धा आणा १२.९५ ग्रॅमचा, हाताला लगेच जड लागतो.

ठोकलेल्या नाण्यांत वजनाचा पट्टा रुंद असतो, तरी दिशा मिळते. अकबराच्या दाम नावाच्या तांब्याच्या नाण्याचं प्रमाण वीस ग्रॅमच्या थोडं वर होतं. औरंगजेबाच्या काळात तांबं महागलं आणि पैसा सुमारे १४ ग्रॅमवर आणला गेला. त्यामुळे जाडजूड, फारसी आडव्या रेघांचं नाणं वीस ग्रॅमचं आहे की तेरा-चौदाचं, यावरून काळ बराचसा उलगडतो. महंमद तुघलकाचं १३३० च्या सुमारास काढलेलं सांकेतिक नाणं साधारण ९ ग्रॅमचं, गोलसर, आणि बहुधा पितळी झाकेचं. ते चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवायचं फर्मान होतं, आणि ते पाडणाऱ्या टांकसाळींत दौलताबादही होती. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं मराठ्यांचं तांब्याचं नाणं, वजनाच्या मोठ्या पट्ट्यात सापडते, आठ-नऊ ग्रॅमपासून तेरा ग्रॅमपर्यंत. जड बहुधा आधीच्या, हलक्या नंतरच्या. सातवाहनांची तांब्याची आणि पोटीनची (तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रधातूची) नाणी बहुतेक लहान, दोन-तीन ग्रॅमच्या आत-बाहेर.

इथे एक सावधगिरी हवी. हातोहात फिरून झिजलेलं आणि जमिनीत खाल्लं गेलेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाच्या जुन्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती राखेची आणि क्षारांची असते. तिथलं नाणं हिरव्या कवचाने फुगतं, आतून मात्र पोकळ होत जातं. त्याचं वजन एक ग्रॅमभरही इकडे-तिकडे जाऊ शकतं. अशा नाण्याला वजनाचा पुरावा दुय्यम मानावा.

पाण्यातलं वजन

त्याच काट्यावर धातूही तपासता येतो, आणि सव्वाशे रुपयांच्या कुठल्याही ‘तांबं ओळखा’ द्रावणापेक्षा ही परीक्षा चांगली. नाण्याला इजा होत नाही.

लहान प्लास्टिकचा पेला निम्मा भरून काट्यावर ठेवा आणि आकडा शून्य करा. पाणी बोअरचं नको, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. इकडच्या जड पाण्यातले क्षार नाण्याला पुढे छळतात. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की नाण्याला बुडबुडे चिकटत नाहीत. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं लटकवा. तळाला किंवा भिंतीला टेकता कामा नये. आता दिसणारा आकडा म्हणजे नाण्याचं आकारमान घनसेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. समजा शिवराई कोरडी ८.६४ ग्रॅम आणि पाण्यात आकडा ०.९८ आला, तर घनता ८.८२.

शुद्ध तांबं ८.९६, कांस्य ८.७ ते ८.९ च्या आसपास, पितळ ८.४ ते ८.७, लोखंड ७.८७, जस्त ७.१४, शिसं ११.३४. जुन्या खाल्लेल्या तांब्याचा आकडा छिद्रांमुळे ८.५ पर्यंत उतरू शकतो, म्हणून ८.५ वरून लगेच पितळ म्हणू नये. पण आकडा आठच्या खाली आला तर ते बहुधा तांब्याचं नाणं नव्हे, मुलामा आहे.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. २.१० ग्रॅमच्या सातवाहन नाण्याचं आकारमान जेमतेम ०.२४ भरतं. शेवटच्या आकड्यात एकाची चूक झाली तरी घनता ८.४० ते ९.१३ अशी कुठेही येते. तांबं की पितळ हे तिथे ठरत नाही. मात्र तेवढ्याच नाण्यात तांबं की शिसं हे चोख ठरतं, आणि सातवाहनांनी शिशाची नाणीही भरपूर पाडली असल्याने ते कामाचं आहे. दुसरी अडचण काट्याची: हे स्वस्त काटे अगदी हळू वाढणारं वजन ‘सरकलेलं शून्य’ समजून पुसून टाकतात. नाणं हळूहळू नव्हे, एका हालचालीत बुडवा, आणि तीनदा मोजून मधला आकडा धरा.

व्हर्नियर

थोडक्यात: प्लास्टिकचाच घ्या. स्टीलचे जबडे तांब्यावर चरे पाडतात. ०.१ मिमीची अचूकता पुरे. ठोकलेलं नाणं गोल नसतं, म्हणून सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा असे दोन व्यास लिहून ठेवा.

भिंग, आणि त्याहून मोलाचा उजेड

सराफ्यातल्या हत्यारांच्या दुकानात मिळणारं घडीचं भिंग २०० रुपयांपासून सुरू होतं. त्यावर ‘३०×२१’ असं कोरलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं. २१ हा भिंगाचा व्यास असतो, ३० हे नुसतं लिहिलेलं. खरं किती हे दुकानातच तपासता येतं. भिंग छापील कागदावर धरून अक्षर स्पष्ट दिसेपर्यंत वर उचला. ते अंतर मिलिमीटरमध्ये मोजून २५० ला त्याने भागा. २५ मिमीवर स्पष्ट दिसलं तर भिंग दहापट. ५० मिमीवर दिसलं तर पाचपट, कोरलेलं काहीही असो. खरं दहापट, तीन काचांचं भिंग थोडं महाग पडतं, पण कडेला रंगाची झालर दिसत नाही आणि डोळा थकत नाही. इथे पैसे वाचवू नयेत. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि नाणं वर आणायचं.

झिजलेल्या नाण्याचं वाचन मात्र भिंगापेक्षा उजेडावर ठरतं. खोलीत अंधार करा. नाणं काळ्या कापडावर ठेवा. एकच एलईडी बॅटरी टेबलाच्या जवळजवळ सपाटीला, दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरा आणि घड्याळाच्या काट्यासारखी नाण्याभोवती फिरवा. वरून पडणाऱ्या उजेडात पूर्ण कोरं वाटणारं नाणं या तिरप्या उजेडात रेघ न् रेघ दाखवतं, कारण केसाच्या जाडीचा उंचवटाही सावली टाकतो. मोबाइल स्टँडला लावून, नाणं न हलवता, आठ दिशांनी आठ फोटो घ्यावेत. एका फोटोत न दिसणारं अक्षर दुसऱ्यात निघतं. मऊ पेन्सिलीने पतंगाच्या पातळ कागदावर काढलेला ठसाही कधी कधी फोटोला मागे टाकतो. पण हिरवं कवच भुसभुशीत असेल तर तो प्रयोग नको.

काय शोधायचं हे ठाऊक असलं की अर्धं काम होतं. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, आणि भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. झिजताना नाजूक वळणं आधी जातात, शिरोरेघा आणि काठाजवळचे दोन-चार ठिपके मागे राहतात. दुदांडी शिवराईत ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन समांतर आडव्या रेघा असतात. बाकी सगळं गेलेल्या नाण्यावर नुसत्या त्या दोन रेघा दिसल्या तरी ओळख पटते. सातवाहन नाण्यावर उज्जयिनी चिन्ह, म्हणजे अधिकच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. झिजल्यावर चार बुटके उंचवटे उरतात. दुसऱ्या बाजूचा हत्ती बहुधा एक गोल ढेपूळ आणि खाली पायांच्या दोन खाचा एवढाच राहतो. निजामाच्या दोन पाईवर तुघ्रा, म्हणजे नक्षीसारखी गुंफलेली अक्षरं, असतो, त्याच्या उभ्या दांड्या शेवटपर्यंत तग धरतात.

आणि एक नेहमीची चूक. ठोकलेल्या नाण्याचा साचा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अगदी नव्या नाण्यावरही लेखाचा तुकडाच उमटायचा. अर्धं अक्षर दिसतं म्हणून नाणं झिजलेलं असं नसतं. उरलेल्या रेघांच्या कडा तीक्ष्ण आहेत की गोलावलेल्या, हे पाहून ठरवावं.

हिजरी साल दिसलं तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. १११९ दिसलं तर १७०७ च्या आसपास.

मायक्रोस्कोप

आता ज्याची सगळ्यात जास्त जाहिरात होते ते. हजार ते दोन हजारांच्या या उपकरणावर १०००× किंवा १६००× लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात वीस ते पन्नासपटीपर्यंतच चित्र कामाचं असतं. त्यापुढे फक्त ठिपके मोठे होतात. त्याचा मोठा दोष भिंगाभोवतीचं एलईडीचं कडं. ते सरळ समोरून उजेड टाकतं, सावली मारतं आणि झिजलेलं अक्षर साफ पुसून टाकतं. वायरीवरच्या चाकाने ते दिवे पूर्ण विझवा आणि बाजूने बॅटरी धरा. दिवे पूर्ण विझत नसलेला नमुना परत करा. सोबतचा प्लास्टिकचा स्टँड हलतो, धातूचा असलेलाच घ्यावा. फोनला ओटीजी (यूएसबी उपकरण थेट फोनला जोडायची सोय) चालतं का हेही आधी पाहावं, नाहीतर संगणकालाच जोडावा लागतो.

मग हे घ्यावंच का? वाचनासाठी नाही. बनावट नाणं पकडण्यासाठी मात्र होय.

साच्यात ओतलेल्या नकलेच्या सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे दिसतात. ते ओततानाच्या हवेचे बुडबुडे. जमिनीतल्या खाण्याचे खड्डे वेडेवाकडे, वेगवेगळ्या खोलीचे आणि आत हिरवे-तांबूस भरलेले असतात. ओतलेल्या नाण्याच्या काठावर गोल फिरणारी शिवण किंवा ती घासल्याचे समांतर चरे सापडतात. ठोकताना पडलेली काठाची भेग आत खोल जाते आणि तळाशी अरुंद होते. नकलेत तीच भेग उथळ आणि गोल बुडाची असते, कारण ती भेग नाही, भेगेचा ठसा आहे.

हिरवा थरही बोलतो. खऱ्या जुन्या तांब्यावर धातूला लागून तांबूस-तपकिरी थर आणि त्यावर हिरवा. नकलेवर हिरवा थेट चकचकीत धातूवर बसलेला असतो. कापसाच्या काडीला शुद्ध अ‍ॅसिटोन लावून कोपऱ्यात फिरवली की रंग किंवा डिंकात कालवलेला हिरवा उतरतो, खरा उतरत नाही. झीजही पाहावी: खिशात-थैलीत झिजलेल्या नाण्याचे उंचवटे गुळगुळीत आणि खळगे काळपट असतात. पिंपात घालून मुद्दाम झिजवलेल्यात खळग्यांच्या तळालाही तेच चरे दिसतात.

सगळ्यात चांगली परीक्षा फुकट आहे. विक्रेत्याकडची त्याच प्रकारची सगळी नाणी एकत्र मागा. दोन ठोकलेली नाणी एकाच साच्याची असू शकतात, पण एकाच जागी भेग, एकाच बाजूला सरकलेला लेख आणि काठाचा तोच टवका दोन नाण्यांत येत नाही. आला तर दोन्ही ओतलेली समजा. हल्ली शिवराईच्या बाबतीत हे करायलाच हवं.

१६१६, १७१७, १८१८ अशी सालं, ‘हाफ आना’ किंवा ‘यूकेएल’ अशी इंग्रजी अक्षरं आणि मागे राम दरबार, हनुमान किंवा लक्ष्मी असलेल्या चकत्यांना यातलं कुठलंच उपकरण लावायची गरज नाही. ती कंपनीची नाणी नव्हेत, नंतर पाडलेली टोकनं आहेत. तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या नाण्याचं तर बोलणंच फसवणुकीचं. तांबं लोहचुंबकालाही दाद देत नाही, तांदळाला कुठून ओढणार? त्या नावाखाली लोकांनी शेती गहाण टाकलेली आहे, म्हणून हे ठासून सांगायला हवं.

जे विकत घेऊच नये

चिंच, लिंबू, तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर आणि ‘नाणी चमकवा’ म्हणून विकली जाणारी द्रावणं. झिजलेल्या नाण्यावर अक्षर उंचवट्यात नसून कित्येकदा फक्त थराच्या रंगातल्या फरकात उरलेलं असतं. थर गेला की तेही गेलं, आणि खरेपणाचा पुरावाही सोबत गेला. माती काढायची तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला आणि मऊ झालेली माती भिंगाखाली बाभळीच्या काट्याने उचला. काटा तांब्यापेक्षा मऊ, चरा पडत नाही. पावसाळ्यात फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर तो क्लोराइडचा रोग आहे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं करून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, चिकट हिरवा चिखल होतो.

नाणं जमिनीत सापडलेलं असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर पाठवता येत नाही.

तुलनेसाठी खरी नाणी डोळ्यांखालून घालायची असतील तर तेरचं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय मराठवाड्यातच आहे, आणि सवड काढून नाशिकजवळ अंजनेरीचं नाणेशास्त्र संशोधन केंद्रही पाहावं. जाणकाराला फोटो पाठवताना नुसते फोटो पाठवू नयेत. कोरडं वजन दोन दशांशांपर्यंत, लहान-मोठे दोन व्यास, पाण्यातला आकडा, दोन्ही बाजू डावीकडून वरच्या तिरप्या उजेडात, काठाचा एक फोटो, आणि नाणं कुठल्या गावाकडचं हे लिहावं. एवढं असलं तर फोटोत काहीच दिसत नसतानाही जाणकार निदान राजवट सांगू शकतो.